बीएमडब्ल्यूनं कात टाकली तेव्हा

१९७३ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या मोटारसायकल प्रदर्शनात बीएमडब्ल्यूनं आपली नवी गाडी मांडली, तेव्हा तिचं इंजिन बघायला फारसं कुणी वाकलं नाही. सगळ्यांची नजर रंगावर गेली. टाकीवरचा काळसर धूर हळूहळू चंदेरीत विरत गेला होता आणि त्या विरण्याच्या कडेनं बारीक रेघ ओढलेली होती. हँडलसमोर छोटंसं फेअरिंग, सीटच्या मागे बदकाच्या शेपटीसारखा उचललेला भाग. पन्नास वर्षं काळ्या रंगाच्या आणि पांढऱ्या रेघांच्या गाड्या विकणाऱ्या कंपनीनं हे काय आरंभलंय, असा प्रश्न पडणं साहजिक होतं. गाडीचं नाव आर ९० एस.

मुहूर्त मात्र याहून वाईट निघाला नसता. त्याच महिन्यात पश्चिम आशियात युद्ध पेटलं आणि अरब देशांनी तेलाचा नळ आवळला. २५ नोव्हेंबरला पश्चिम जर्मनीत पहिला ‘गाडीविना रविवार’ पाळला गेला, ऑटोबानवर लोक चालत आणि सायकलीनं फिरले. असे चार रविवार झाले, आणि काही महिन्यांसाठी ऑटोबानवरही ताशी १०० किमीची मर्यादा आली. आर ९० एस होती ताशी २०० किमीची.

तरीही ती चालली, आणि चांगली चालली. ती का चालली आणि अर्धशतकानंतरही शौकीन तिच्यामागे का आहेत, हे समजून घ्यायचं तर आधी बीएमडब्ल्यूची तोवरची ख्याती काय होती ते पाहायला हवं.

पहिल्या महायुद्धात ही कंपनी विमानांची इंजिनं बनवायची. व्हर्सायच्या तहानं त्या धंद्यावर बंदी आली, तेव्हा पोटापाण्यासाठी जे उद्योग तिनं केले त्यांतून मोटारसायकल निघाली. विमानाच्या इंजिनांवर हात बसलेला अभियंता माक्स फ्रिट्स यानं १९२३ मध्ये आर ३२ ही गाडी आखली. दोन सिलिंडर समोरासमोर, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, थेट वाऱ्यात. त्यामुळे दोन्ही सारखे थंड राहतात. मागच्या चाकाला चेन नाही, शाफ्ट. ताकद जेमतेम साडेआठ अश्वशक्ती, पण मांडणी इतकी पक्की निघाली की पुढच्या पन्नास वर्षांत कंपनीनं तिचा गाभा बदलला नाही. या मांडणीच्या इंजिनाला सगळे बॉक्सर म्हणतात, कारण दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर झेपावतात आणि एकाच वेळी आत येतात.

वेगाचं वावडं त्या कंपनीला नव्हतं. १९३७ मध्ये एर्न्स्ट हेन्नं यानं पत्र्याच्या कवचात बंद केलेली बीएमडब्ल्यू ताशी २७९.५ किमीनं पळवली आणि तो जागतिक विक्रम चौदा वर्षं टिकला. १९३९ मध्ये गेऑर्ग मायर यानं आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी जिंकली. ब्रिटिशांच्या अंगणात जाऊन ही शर्यत मारणारा तो पहिला परदेशी स्वार. पण युद्धानंतर चित्र पालटलं. १९५४ साली वर्षाला सुमारे ३० हजार मोटारसायकली बनवणारी कंपनी तीनच वर्षांत साडेपाच हजारांच्या आत आली. जर्मन माणसाच्या हाती पैसा आला होता आणि त्याला आता डोक्यावर छप्पर असलेली चारचाकी हवी होती. डिसेंबर १९५९ मध्ये तर अख्खी बीएमडब्ल्यू डायम्लर-बेंझच्या घशात जायची वेळ आली होती. छोट्या भागधारकांनी सभेत दंगा केला, नंतर हर्बर्ट क्वांट या उद्योगपतीनं पैसा ओतला आणि कंपनी वाचली. वाचली ती मोटारगाड्यांच्या जोरावर. मोटारसायकल विभाग घरातल्या वयस्कर आत्यासारखा एका कोपऱ्यात राहिला, मान होता पण विचारत कुणी नव्हतं.

या काळातली बीएमडब्ल्यू म्हणजे पोलिसांची गाडी, लांब पल्ल्याच्या प्रवाशाची गाडी, पाइप ओढणाऱ्या प्राध्यापकाची गाडी. तेल गळत नाही, चेन ओढून घ्यावी लागत नाही, आवाज नाही. महाग, भरवशाची आणि जरा कंटाळवाणी. मऊ सस्पेन्शनवर ती डुलत चाले म्हणून जर्मन पोरांनी पुढे तिला ‘रबरी गाय’ हे नाव चिकटवलं.

१९६९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. म्युनिकच्या कारखान्यात मोटारींसाठी जागा अपुरी पडू लागली म्हणून मोटारसायकलींचं उत्पादन बर्लिनच्या श्पांडाऊ भागात हलवलं गेलं. म्हणजे भिंतीनं वेढलेल्या पश्चिम बर्लिनमध्ये, पूर्व जर्मनीच्या पोटात. आणि तिथून हान्स-ग्युंथर फॉन डेर मार्विट्स यानं आखलेली नवी मालिका बाहेर पडू लागली. नवं इंजिन, हलकी चौकट, बटणस्टार्ट. तिच्यातली सगळ्यात मोठी, आर ७५/५, पन्नास अश्वशक्तीची होती. कागदावर सगळं उत्तम होतं.

पण त्याच वर्षी होंडाची सीबी ७५० आली, आणि कानामागून येऊन तिखट झाली. चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, ६७ अश्वशक्ती, आणि किंमत बीएमडब्ल्यूपेक्षा कमी. १९७२ मध्ये कावासाकीची ९०३ सीसीची झेड १ आली, ८२ अश्वशक्तीची. अमेरिकेत विक्रेते कुरकुरू लागले होतेच. त्यांची समजूत घालायला बीएमडब्ल्यूनं काय करावं? टाकी लहान केली आणि तिच्या दोन्ही अंगांना क्रोमचे पत्रे लावले. लोकांनी त्या गाडीला टोस्टर म्हणायला सुरुवात केली. आज या टोस्टरलाही चांगले पैसे मोजणारे आहेत, पण तेव्हा ते हसं झालं होतं.

अशा वेळी कंपनीच्या विक्री विभागाच्या प्रमुखपदी बॉब लुट्झ आला. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला अमेरिकन, मरीन दलातला माजी लढाऊ वैमानिक, तोंडाचा फटकळ, आणि मुख्य म्हणजे स्वतः मोटारसायकल चालवणारा. पुढे फोर्ड, क्रायस्लर आणि जनरल मोटर्स अशा तिन्ही घरी त्यानं मोठी पदं भूषवली. डॉज व्हायपर ही अफाट मोटारही त्याच्याच हट्टानं रस्त्यावर आली. मोटारसायकल विभागाला जे धाडस होत नव्हतं ते लुट्झनं केलं. ९०० सीसीची नवी साधी गाडी तयार होतच होती, तिच्यावरून एक झणझणीत आवृत्ती काढायची आणि तिचं रूप कुणा इंजिनिअरवर न सोपवता डिझायनरकडे द्यायचं.

तो डिझायनर म्हणजे हान्स मूट. मूट बीएमडब्ल्यूच्या मोटारींच्या आतल्या भागाचं काम बघायचा, म्हणजे डॅशबोर्ड, सीट, घड्याळं वगैरे. मोटारसायकलवर त्याचं प्रेम होतं, पण हे काम त्याच्या नेमून दिलेल्या जबाबदारीबाहेरचं. त्यानं मोटारीतली नजर मोटारसायकलवर आणली, आणि आर ९० एसचं सगळं वेगळेपण तिथून आलं. स्वार बसला की त्याच्यासमोर स्पीडोमीटर आणि टॅकोमीटर, आणि फेअरिंगच्या आत आणखी दोन गोल तबकड्या: एक घड्याळ, दुसरी व्होल्टमीटर. १९७३ साली मोटारसायकलवर घड्याळ ही चैन होती. व्होल्टमीटरचं मात्र तसं नव्हतं. बॉक्सर गाड्यांचा अल्टरनेटर क्षमतेनं बेताचा, रात्री दिवे लावून शहरात रखडलं की बॅटरी उतरायची. काटा दिसत असला की स्वार सावध राहायचा.

रंगाचं काम हातानं व्हायचं. कारागीर फवाऱ्यानं गडद रंग असा मारायचा की तो कडेला विरत जाईल, आणि वाळल्यावर ब्रशनं रेघ ओढली जायची. हात माणसाचा असल्यामुळे एका टाकीवरचा धूर दुसऱ्या टाकीसारखा नसे. पहिला रंग चंदेरी-काळा. १९७५ च्या मॉडेलला दुसरा रंग आला, भगव्याकडे झुकणारा नारिंगी, आणि त्याचं नाव ठेवलं डेटोना ऑरेंज. गंमत अशी की तोपर्यंत डेटोनाच्या ट्रॅकवर या गाडीनं काही पराक्रम केलेला नव्हता. नाव आधी, पराक्रम नंतर.

आता आतल्या गोष्टी. इंजिन ८९८ सीसीचं, बोअर ९० मिमी, स्ट्रोक ७०.६ मिमी, ७००० आरपीएमला ६७ अश्वशक्ती. आपल्याकडे त्या काळात रस्त्यावर दरारा असलेली ३५० सीसीची बुलेट १८ अश्वशक्तीची होती, एवढं सांगितलं म्हणजे अंदाज यावा. बीएमडब्ल्यू नेहमी न्युर्नबर्गच्या बिंग कंपनीचे कार्ब्युरेटर वापरत आली होती. आर ९० एसला मात्र इटलीतल्या डेलॉर्टोचे ३८ मिमीचे दोन कार्ब्युरेटर बसवले. त्यांत ॲक्सिलरेटर पंप होता: मूठ पिळली की पेट्रोलची जादा चिळकांडी थेट आत जायची. बिंगच्या गाडीत मूठ पिळली तर इंजिन विचार करून उत्तर देई, डेलॉर्टोची गाडी तत्काळ उसळे. पेट्रोल थोडं जादा लागे, आणि दोन्ही बाजूंचे कार्ब्युरेटर एकमेकांशी तंतोतंत जुळवावे लागत. ते जुळले नाहीत तर ही गाडी अंग काढून घेते, हे आजही तिच्या मालकाला विचारून बघावं.

ब्रेकची गोष्ट जरा विचित्र. पुढे दोन डिस्क होत्या, त्या काळात ही मोठीच गोष्ट. पण ब्रेकच्या तेलाची टाकी आणि मास्टर सिलिंडर हँडलवर न बसवता पेट्रोलच्या टाकीखाली, चौकटीच्या कण्यावर बसवला होता. हँडलवरचा लिव्हर केबल ओढायचा, केबल मास्टर सिलिंडर दाबायची आणि मग तेल कामाला लागायचं. गाडी पडली तर हँडलवरचा नाजूक भाग फुटू नये, हा त्यामागचा जर्मन हिशोब. परिणाम असा की ब्रेक दाबताना बोटांना जे कळायला हवं ते धूसर कळायचं. शिवाय सील गळू लागलं तर ब्रेकचं तेल टाकीखाली कुणाला न दिसता चौकटीचा रंग खात बसायचं. जुनी आर ९० एस विकत घेणारा जाणकार पहिल्यांदा टाकी उचलून खाली बघतो, तो याचसाठी.

सीटखाली अवजारांचा संच. हा संच बघितला की बीएमडब्ल्यूनं कात टाकली तरी स्वभाव टाकला नव्हता हे लक्षात येतं. पाने, स्क्रू-ड्रायव्हर, पंक्चर काढायचं सामान, टायरमध्ये हवा भरायचा हातपंप, आणि हात पुसायला कंपनीचं चिन्ह छापलेलं फडकं. शर्यतीच्या गाडीचा आव आणायचा आणि हात पुसायची सोयही करून ठेवायची, हे फक्त याच लोकांना सुचावं. २४ लिटरची टाकी भरली की दुपारपर्यंत पेट्रोल पंपाकडे बघायचं काम नाही.

ही गाडी चालवण्यातली मजा सांगून कळायला अवघड, कारण आकड्यांत ती कावासाकीच्या मागेच होती. उभ्या गाडीची मूठ पिळली की क्रँक लांबीच्या दिशेनं फिरत असल्यामुळे अख्खी गाडी उजवीकडे झुकते. गियर टाकला की खट्ट असा आवाज. वेग देताना शाफ्टमुळे मागची बाजू वर उचलली जाते, मूठ सोडली की खाली बसते. नवशिक्यानं वळणात घाबरून मूठ सोडली तर गाडी खाली बसते आणि बाहेर आलेला सिलिंडर रस्त्याला टेकायची भीती. म्हणून या गाडीवर वळणाआधीच वेग ठरवून घ्यायचा आणि वळणभर मूठ थोडी उघडी ठेवायची. आधीच्या मालिकेतल्या काही गाड्या भरधाव वेगात डुगडुगत. त्यासाठी मागचा स्विंगआर्म लांबवला गेला होता, आणि आर ९० एसला हँडलच्या मधोमध एक गोल मूठ दिली, ती फिरवून स्टीअरिंग डँपर घट्ट-सैल करता येई. सुमारे २१५ किलोची ही गाडी एकदा लयीत आली की दिवसभर दीडशेच्या वेगानं चालायची आणि संध्याकाळी स्वाराच्या मनगटांत मुंग्या नसायच्या. त्या काळातल्या इटालियन गाड्या वळणात हिला मागे टाकत, जपानी गाड्या सरळ रस्त्यावर. पण म्युनिकहून निघून आल्प्स ओलांडून रात्री इटलीत जेवायचं असेल तर हिच्याइतकी बरी सोबत दुसरी नव्हती. अमेरिकेत किंमत झेड १ च्या जवळजवळ पावणेदोन पट. तरीही गिऱ्हाईक मिळालं.

राहिला प्रश्न शर्यतीचा. मोटारसायकल शर्यतींत बीएमडब्ल्यू स्वतः तेव्हा उतरत नव्हती. ते काम अंगावर घेतलं अमेरिकेतले आयातदार बटलर अँड स्मिथ यांनी. १९७६ मध्ये अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशननं रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी सुपरबाइक ही नवी राष्ट्रीय मालिका सुरू केली. पहिली शर्यत मार्चमध्ये, फ्लोरिडातल्या डेटोनाच्या ट्रॅकवर. बटलर अँड स्मिथचा अभियंता उडो गीट्ल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तीन आर ९० एस सोलून पुन्हा बांधल्या. सिलिंडर रस्त्याला घासू नयेत म्हणून गाडी उंच करायची, वजन कमी करायचं, इंजिनातून जमेल तेवढी ताकद पिळून काढायची. बाहेरून मात्र ती दुकानातली गाडीच दिसायला हवी, उंच हँडलसकट.

स्वार तीन: स्टीव्ह मॅक्लॉफ्लिन, रेज प्रिडमोर आणि गॅरी फिशर. फिशर जोरात सुटला, पण गाडीनं दगा दिला आणि तो बाहेर पडला. उरले दोघे. कावासाकींचा आरडाओरडा मागे पडला, डुकाटीवरचा कुक नीलसन हा मोटारसायकल मासिकाचा संपादक तिसऱ्या जागी चिकटून होता. शेवटच्या फेरीत प्रिडमोर पुढे. मॅक्लॉफ्लिन त्याच्या मागे, त्यानं फोडलेल्या वाऱ्याच्या पोकळीत लपलेला. रेषेच्या तोंडाशी तो बाहेर झेपावला आणि दोन्ही गाड्या एकत्रच रेषेपार गेल्या. निकाल लावायला छायाचित्र पाहावं लागलं. मॅक्लॉफ्लिन काही इंचांनी जिंकला होता. अमेरिकेतली पहिली सुपरबाइक शर्यत, पहिला आणि दुसरा क्रमांक बीएमडब्ल्यू. ज्या कंपनीची गाडी आजोबांची म्हणून हिणवली जायची तिची.

प्रिडमोरनं वर्षअखेर हिशोब चुकता केला. लंडनमध्ये जन्मलेला आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झालेला हा स्वार १९७६ चा पहिला अमेरिकन सुपरबाइक विजेता ठरला, आर ९० एसवरच. मॅक्लॉफ्लिनची कथाही तिथं संपली नाही. १९८८ मध्ये जागतिक सुपरबाइक अजिंक्यपद सुरू झालं, त्याच्या जन्मदात्यांत तो होता. त्याच १९७६ च्या जूनमध्ये आइल ऑफ मॅनवर हेल्मुट डेन आणि हान्स-ओटो बुटेनुट या जर्मन जोडीनं प्रॉडक्शन टीटीमध्ये १००० सीसी गट जिंकला. लहान गाड्यांना आधी सोडायच्या पद्धतीमुळे एकूण विजेतेपद २५० सीसीच्या यामाहाला गेलं. डोंगरातल्या त्या रस्त्यावर बॉक्सर टिकते आणि पळते, हे मात्र सगळ्यांनी पाहिलं.

आणि नेमक्या त्याच वर्षी आर ९० एस बंद झाली. तिच्या जागी ९८० सीसीची आर १०० एस आली आणि तिच्याही वर, मूटनंच आखलेली, पूर्ण फेअरिंगची आर १०० आरएस. मूट पुढे बीएमडब्ल्यू सोडून गेला. १९८० साली त्याच्या टार्गेट डिझाइन या संस्थेनं सुझुकीसाठी कटाना काढली आणि जग पुन्हा एकदा चकित झालं. तीन वर्षांत सुमारे साडेसतरा हजार आर ९० एस बनल्या होत्या. हा आकडा मधला आहे. इतका लहान नाही की सुटे भाग मिळू नयेत, इतका मोठा नाही की कोपऱ्या-कोपऱ्यावर दिसावी. संग्राहकाला असाच आकडा लागतो.

संग्राहकांत आपसात वाद आहेतच. १९७४ च्या गाडीच्या डिस्क सपाट, किक आहे. १९७५ पासून डिस्कला भोकं पडली, पुढचा आस १४ मिमीवरून १७ मिमी झाला, हँडलवरची बटणं बदलली आणि किक गेली, हवी तर वेगळे पैसे मोजून घ्या. पहिल्या वर्षाची गाडी शुद्ध म्हणणारे आहेत. नारिंगी रंगासाठी जीव टाकणारेही आहेत. चालवायला घ्यायची तर शेवटच्या वर्षाची घ्या, असं वर्कशॉपवाले सांगतात, आणि बहुधा त्यांचंच बरोबर आहे.

खरी मारामारी रंगावर होते. कारखान्यात हातानं मारलेला धूर दुसऱ्या कुणाला हुबेहूब जमत नाही. नव्यानं रंगवलेली टाकी चकचकीत दिसते, पण ओळखणारा विरण्याची कड बघतो, रेघेची जाडी बघतो आणि मान हलवतो. त्यामुळे पोपडे उडालेल्या मूळ टाकीला कधी कधी नव्या कोऱ्या रंगापेक्षा जास्त भाव येतो. भाव वाढले तसा लबाडीचा धंदाही वाढला. ६० अश्वशक्तीची साधी आर ९०/६ घ्यायची, तिच्यावर फेअरिंग, शेपटीची सीट आणि डेलॉर्टो चढवायचे आणि एस म्हणून खपवायची. शंका आली की जाणकार चौकटीवरचा क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक जुळतात का बघतो, तो क्रमांक एसच्या मालिकेतला आहे का ते यादीत पडताळतो. पन्नास वर्षांत इंजिन बदललेल्या गाड्याही पुष्कळ आहेत. त्या वाईट नसतात, पण त्यांचा दर वेगळा.

२०१३ साली खुद्द बीएमडब्ल्यूला आपल्या मोटारसायकलींची नव्वदी साजरी करायची होती. कॅलिफोर्नियातल्या रोलंड सँड्सच्या वर्कशॉपला हाताशी धरून तिनं एकच नमुना बनवला, कन्सेप्ट नाइन्टी, आणि इटलीतल्या कोमो सरोवराकाठच्या व्हिला देस्ते इथं तो ठेवला. रंग नारिंगी, छोटं फेअरिंग, शेपटीची सीट. त्याच वर्षी आर नाइनटी जाहीर झाली आणि जुन्या वळणाच्या बॉक्सरचा धंदा पुन्हा जोरात सुरू झाला. त्या नमुन्यावरची टाकी मात्र ॲल्युमिनियमची होती, आणि तिच्यावरचा नारिंगी रंगही हातानंच मारलेला होता.